मेळाव्याला न आलेला माणूस

विद्यापीठ म्हटलं की लोकांना मोठी इमारत, परीक्षा आणि पदवीदानाचे झगे आठवतात. मी ज्या कृषी विद्यापीठात एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्याची मोठी इमारत मी वर्षातून दोनदा पाहायची, तीही बैठकीला बोलावलं म्हणून. माझं विद्यापीठ म्हणजे यवतमाळच्या बाहेर असलेलं एक बैठं केंद्र, त्याच्या मागची थोडी शेती, एक पांढरी जीप आणि ड्रायव्हर-टायपिस्ट सोडून आम्ही सहा जण. मोठ्या इमारतीत जे संशोधन होतं ते गावात नेऊन लोकांना समजेल असं सांगायचं, हे आमचं काम. सरकारी भाषेत त्याला 'विस्तार' म्हणतात.

केंद्रप्रमुख सोडले तर पाच जणांचे पाच विषय होते. एकाकडे पिकं, एकाकडे माती, एकाकडे किडी, एकाकडे जनावरं. माझ्याकडे गृहविज्ञान. म्हणजे धान्याची साठवण, लहान मुलांचा आहार, निर्धूर चूल, आवळ्याचा मुरंबा, सोयाबीनचं दूध. गावोगाव मला 'पापडवाल्या मॅडम' म्हणत आणि मला त्याचं वाईट वाटत नसे. माझं माहेर दारव्ह्याचं, त्यामुळे बोली परकी नव्हती. बाया मोकळेपणानं बोलत. फुलसावंगीला पहिल्यांदा सोयाबीनचं दूध करून दाखवलं, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "मॅडम, आधी तुम्ही प्या." मी प्यायले. "आता जरा थांबू," ती म्हणाली, आणि अर्धा तास सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे पाहत बसल्या. मला काही झालं नाही याची खात्री पटल्यावरच त्यांनी पेले उचलले. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढं कळलं की त्या म्हातारीला आमच्यापेक्षा जास्त समजत होतं.

आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचे तीन कागद होत. हजेरीपट, फोटो आणि अहवाल. हे तीन जमले की कार्यक्रम झाला. कुणाला काय समजलं, त्यानं घरी जाऊन काय केलं, यासाठी चौथा कागद नव्हता.

हे सांगते आहे ते कापसाच्या त्या वाईट वर्षांमधलं. ज्या बियाण्याला अळी लागत नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, त्याच्याच बोंडात गुलाबी अळी निघायला लागली होती. बाहेरून बोंड हिरवंगार, आत किडलेलं. त्या हंगामात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. लोक घाबरले आणि फवारण्या वाढल्या. एका औषधानं भागत नाही म्हणून दोन, दोनानं नाही म्हणून तीन, एकाच टाकीत.

पोळा नुकताच झाला होता. बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावात माझं महिला गटाचं प्रशिक्षण होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बुद्धविहाराच्या सभागृहात वीस-बावीस जणी जमल्या होत्या. गटाची अध्यक्ष सुजाता दहावी शिकलेली, बोलायला स्पष्ट, आणि कामाला इतकी चोख की तिच्या गटाचं रजिस्टर मी इतर गावांत नेऊन दाखवायची. त्या दिवशी उडदाचं पीठ मळायला मी तिला पुढं बोलावलं, तर ती उठली नाही. "आज दुसरीले बलवा, मॅडम," म्हणाली. मी तिचे हात पाहिले. बोटांच्या पेरांवरची साल निघाली होती आणि तळवे भाजल्यासारखे लाल होते.

"काय झालं हाताला?"

"काही नाही जी, कपडे धुतले."

"कुठल्या साबणानं?"

"साबणाचं नाही. आमच्या ह्यायचे फवारणीचे कपडे."

तिचा नवरा विलास रोजानं फवारणी करायचा. घरी जमीन नव्हती. आमच्या भागात ज्याचं वावर, म्हणजे शेत, असतं तोच फवारणीचा पंप पाठीवर घेतो असं नाही. बरेचदा पंप घेणारा दुसराच असतो. विलास सकाळी सातला निघायचा आणि ज्याच्या वावरात बोलावलं असेल तिथं दिवसभर फवारायचा. त्याच्याकडे कपड्यांचे दोन जोड होते. पाणी दूर असलं की सुजाताही सोबत जायची. पाणी आणून द्यायची आणि औषध कालवायची.

"कशानं कालवता?" मी विचारलं.

"काडीनं. काडी नसली तं हातानं."

तिचं ऐकून आणखी चार जणींनी हात पुढं केले. एक जण म्हणाली, "मॅडम, माह्या नवऱ्याले सांजच्याले बरोबर दिसत नाही. धुई आल्यावानी दिसते म्हणते." दुसरी म्हणाली की तिचा नवरा फवारून आला की जेवत नाही, नुसता थुंकत बसतो. मी हजेरीपटाच्या कोऱ्या बाजूवर त्यांची नावं आणि काय होतं ते लिहून घेतलं. पापडाचं प्रशिक्षण अर्ध्यावर राहिलं.

केंद्रावर येऊन मी त्याचं एका पानाचं टिपण केलं आणि केंद्रप्रमुखांकडे दिलं. त्यांनी ते लक्ष देऊन वाचलं. "निरीक्षण चांगलं आहे, मॅडम," ते म्हणाले, "पण हा विषय कीटकशास्त्राचा आहे. टिपण तिकडून आलं पाहिजे." मी कीटकशास्त्राच्या सरांकडे गेले. ते मनापासून काम करणारे गृहस्थ होते. त्या दिवसांत रोज चार-पाच गावं फिरून बोंडं फोडून अळ्या पाहत होते, आणि त्यांचाच घसा बसला होता. त्यांनी टेबलाच्या खणातून विद्यापीठाचं छापील पत्रक काढलं. त्यात नवव्या मुद्द्यात लिहिलं होतं की फवारणी करताना संरक्षक कपडे, हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी वापरावी. "सगळं दिलेलं आहे, मॅडम," ते म्हणाले. "तरी नऊ दिवसांनी बाभुळगावला शेतकरी मेळावा आहे, तिथं मी यावर थोडं जास्त बोलतो."

माझं समाधान झालं. आज विचार करते तेव्हा याच जागेवर येऊन अडकते. कपडे कसे धुवायचे, ते वेगळ्या टोपल्यात ठेवायचे, उघड्या हातानं औषध ढवळायचं नाही, हातमोजे नसतील तर निदान प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधायच्या, हे सगळं माझ्याच विषयात बसत होतं. धुणं हे गृहविज्ञान नाही तर काय? दुसऱ्या दिवशी बसनं जाऊन घरोघर सांगितलं असतं तर मला कुणी अडवलं नसतं. पण त्या आठवड्यात कळंबला आवळ्याच्या पदार्थांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण ठरलेलं होतं, आणि मी कळंबला गेले.

मेळावा बाभुळगावच्या एका मंगल कार्यालयात झाला. खुर्च्या भरल्या होत्या. सुजाताच्या गावचे बापूराव पहिल्या रांगेत होते. मोठे शेतकरी, आमच्या केंद्राचे जुने संपर्काचे माणूस, कुठल्याही कार्यक्रमाला हमखास येणारे. सुजाताच्या गटाला मी पापड-कुरड्यांचं टेबल दिलं होतं, म्हणून तीही आली होती. हाताला तिनं खोबरेल लावलं होतं. कीटकशास्त्राचे सर बोंडअळीवर छान बोलले आणि शेवटी नवव्या मुद्द्यावरही बोलले. मग प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा सुजाता टेबलामागून उभी राहिली. माईक तिथपर्यंत पोचत नव्हता. ती मोठ्यानं म्हणाली, "सर, एक इचारू? इथं बसलेल्यायपैकी पंप पाठीवर कोण कोण घेते?"

काही लोक हसले. चार-पाच हात वर झाले, तेही अर्धेच.

"जे घेतेत ते आज वावरात हायेत," ती म्हणाली. "त्यायले कोण सांगन?"

सर म्हणाले की तुम्ही सगळ्या शेतकरी बंधूंनी घरी गेल्यावर आपापल्या मजुरांना हे समजावून सांगायचं आहे. टाळ्या झाल्या. मलाही बरं वाटलं. माझ्या गटातली बाई भरसभेत बोलली याचा अभिमान वाटला, आणि तिचा फोटो घ्यायला मी फोटो काढणाऱ्या मुलाला खूण केली.

जेवणं सुरू झाली होती तेव्हा बापूरावांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले. हातातलं ताट त्यांनी तसंच खुर्चीवर ठेवलं आणि माझ्याकडे आले. "मॅडम, गाडी भेटन का? माह्या वावरात विलास पडला म्हणते."

सुजाता माझ्या शेजारीच उभी होती.

मालक मेळाव्यात बसून सुरक्षित फवारणीवरचं भाषण ऐकत होते आणि त्या वेळी त्यांच्याच वावरात विलास फवारत होता. यात कुणी काही ठरवून केलेलं नव्हतं. मेळाव्याचा दिवस वाया जाऊ नये म्हणून बापूरावांनी त्याला त्या दिवशी लावलं होतं, एवढंच.

जीपमध्ये ड्रायव्हर, मी, बापूराव आणि सुजाता. वावरात पोचलो तेव्हा दोघा-तिघांनी विलासला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली निजवलं होतं आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होते. पंप बाजूला पडला होता. त्याचा सदरा मानेपासून कमरेपर्यंत ओला होता, आणि ते पाणी नव्हतं, हे वासावरून कळत होतं. तोंडातून लाळ येत होती. हातापायांचे स्नायू कातडीखाली थरथरत होते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

सुजाता त्याच्या तोंडाजवळ वाकली. "अवो, मी आली. पाहा इकडं."

तो म्हणाला, "कोण?"

आम्ही त्याला जीपमध्ये आडवं घेतलं आणि यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय फवारलं? डबे आणलेत का?" डबे कुणीच आणले नव्हते. लहान मुलानं रॉकेल प्यायलं तर काय करायचं, काय नाही करायचं, हे मी शेकडो बायांना शिकवलं होतं. पण त्या निंबाखाली, माझ्या पायाशी डबे पडले असतील, ते उचलावेत, हे मला सुचलं नव्हतं. सुजाता आठवून आठवून सांगत होती, "औषधं रातीच घरी आणून ठेवले होते, सकाळी निघाच्या आधी मीच काढून देल्ले जी. एक दुधावानी पांढरं होतं. एक पिवळं. अन् एक पुडी होती." डॉक्टर म्हणाले की उपचार सुरू करतो, पण नावं मिळाली तर बरं होईल.

बापूरावांना घेऊन मी तशीच परत वावरात गेले. निंबाखाली काहीच नव्हतं. आम्ही निघाल्यावर कुणीतरी जागा साफ केली होती. "डबे कुठं आहेत, बापूराव?" मी विचारलं. त्यांनी आपल्या गड्याला फोन लावला, थोडा वेळ ऐकलं आणि खाली मान घालून म्हणाले, "पोलिसाच्या भेवानं नाल्यात टाकले म्हणते."

मी साडी खोचून नाल्यात उतरले. ड्रायव्हर दुसऱ्या बाजूनं उतरला. बापूराव काठावर उभे होते, मग तेही चपला काढून पाण्यात आले. पाणी गुडघ्याएवढं होतं आणि तळाला नुसता गाळ. पांढऱ्या औषधाची बाटली बेशरमाच्या झुडपात अडकलेली मिळाली. पिवळ्याची गाळात सापडली. पुडी काही मिळाली नाही. त्या बाटल्यांवरचा मजकूर इतक्या बारीक अक्षरात होता की मला चष्मा लावूनही तो उजेडाकडे धरावा लागला.

बाटल्या नेऊन दिल्या. पाचव्या दिवशी विलास गेला. मी डॉक्टरांना विचारलं की त्या बाटल्या आधीच आणल्या असत्या तर. ते म्हणाले, "उपचार तर लगेच सुरू झाले होते, मॅडम." हे उत्तर होतं की समजूत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पंधरवड्यानं मुख्यालयातून विचारणा आली. त्या गावात विद्यापीठानं सुरक्षित फवारणीचं प्रशिक्षण दिलं होतं का? मेळाव्यात महिलांची बाजू माझ्याकडे असल्यामुळे हजेरीपट माझ्याकडे होता, म्हणून अहवालही मीच लिहायचा ठरला. हजेरीपटावर त्या गावची सात नावं होती. बापूरावांची सही होती. सुजाताचीही होती, पूर्ण नावानं, मधोमध विलासचं नाव असलेली.

मी लिहिलं, 'सदर गावातील लाभार्थ्यांना सुरक्षित फवारणीबाबत मार्गदर्शन करण्यात आले होते.' आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, 'मात्र प्रत्यक्ष फवारणी करणारे मजूर उपस्थित नव्हते.'

केंद्रप्रमुखांनी मला आत बोलावलं. दार लोटून घेतलं. ते चिडले नव्हते. "मॅडम, हे वाक्य खरं आहे," ते म्हणाले. "पण याचा अर्थ काय काढला जाईल ते पाहा. आपल्या सहा जणांचं केंद्र आहे. उद्या म्हणतील, मग तुम्ही इतकी वर्षं केलंत काय."

"मग काय करू?"

"तुम्हीच ठरवा."

मीच ठरवलं. ती ओळ मी माझ्या पेननं खोडली, टायपिस्टकडून पान पुन्हा करून घेतलं आणि सही केली. मला कुणी धमकावलं नव्हतं, बदलीची भीती दाखवली नव्हती. बाकीच्यांना अजून तिथंच काम करायचं आहे, आपण कशाला, एवढाच विचार होता. इतका साधा विचार होता की त्या दिवशी मी घरी जाऊन नेहमीसारखं जेवले.

त्या अहवालाचं पुढं काय झालं माहीत नाही. पण गावात त्याचा सूर पोचला. प्रशिक्षण दिलं होतं, बायकोची सही आहे, तरी यानं काळजी घेतली नाही. मग लोकांनी त्यात आपापली भर घातली. तशाच हातानं तंबाखू खाल्ली असन. वाऱ्याच्या तोंडावर फवारलं असन. विलास तंबाखू खात नव्हता. आणि वारा त्याच्या ताब्यात नव्हता.

पुढच्या हंगामात मी बाभुळगावला पंप दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंच्या दुकानात जाऊन बसायला लागले. कार्यक्रम पत्रिकेत ते नव्हतं. बाजाराच्या दिवशी सकाळी जायची. मी पहिल्यांदा गेले आणि काय करायचं आहे ते सांगितलं, तेव्हा सलीमभाई म्हणाले, "इथं बसा, मॅडम. मालक तुमच्याकडं येते, पंप माह्याकडं येते. अन् पंपाच्या मागं जो माणूस येते, तोच तुम्हाले पाह्यजे." त्यांनीच मला दाखवलं की झाकणाखालचा वायसर, म्हणजे रबरी चकती, औषधानं फुगतो, मग चालताना टाकी हिंदकळते आणि औषध पाठीवर उतरतं. आमच्या पत्रकात वायसरचा उल्लेख नव्हता.

आम्ही एक साधी गोष्ट करायचो. पंपात निळीचं पाणी भरायचं, एखाद्या फवारणीवाल्याला पांढरं बनियन आणि पांढरा पायजमा घालायला द्यायचा, आणि दुकानामागच्या तुरीत त्याला दहा मिनिटं फवारायला लावायचं. तो परत आला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाहायचं. पाठ, मान, छाती, मांड्या, सगळं निळं. पहिल्या दिवशी एक जण मान वळवून स्वतःची पाठ पाहायला लागला. मग म्हणाला, "म्हंजे एवढं लागते आंगाले?"

तिसऱ्या बाजाराला सुजाता आली. मी तिला बोलावलं नव्हतं. ती कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. पुढच्या वेळी आली ती बोलायलाच लागली. कपडे वेगळे कसे धुवायचे, डबा फेकायचा नाही, मळमळलं की घरी नाही, दवाखान्यात जायचं, आणि जाताना डबा सोबत घ्यायचा. माझ्या एकोणतीस वर्षांतलं सगळ्यात उपयोगी काम कोणतं असं विचारलं तर मी ते दुकान सांगेन. त्यानं सगळं थांबलं असं नाही. त्या वर्षीही माणसं दवाखान्यात गेली, आणि त्यातले दोघे निळीचं पाणी पाहून गेलेले होते.

निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सुजाताच्या घरी गेले. खोडलेल्या ओळीचं मी तिला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. आठवड्याला भेटत होतो, तिच्या घरी एकत्र जेवत होतो, पण ते मी बोलले नव्हते. त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर सांगितलं. काय लिहिलं होतं, कुणी काय म्हटलं, आणि मी काय केलं.

ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली. मग म्हणाली, "ते वाक्य राह्यलं असतं तं काय झालं असतं?"

"मला माहीत नाही, सुजाताताई."

"मले बी नाही माहीत. पण एक कागद पाह्यजे होता मले. माह्या पोरीले शाळेत म्हणत, तुह्या बापाले सांगतलं होतं, त्यानंच ऐकलं नाही. ती बी तसंच समजते अजून. मी सांगतलं, तं म्हणते, आई, तुही सही हाय ना तिथं."

प्रज्ञा, तिची मुलगी, यवतमाळला कॉलेजात शिकत होती आणि त्या दिवशी घरीच होती. सुजातानं तिला हाक मारली. ती येऊन समोर बसली. बाप गेला तेव्हा ती सहावीत होती. मी तिला सगळं पुन्हा सांगितलं, मेळाव्याचं, बापूरावांच्या वावराचं, आणि अहवालाचं. तुझ्या वडलांना कुणी काही सांगितलं नव्हतं, हे मी दोनदा म्हणाले.

शेवटी तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही दर आठवड्याले आमच्या घरी येत होत्या. मग हे मले तेव्हाच काहून नाही सांगतलं?"

उत्तराची वाट न पाहता ती उठून आत गेली. मी चपला घातल्या. सुजाता फाटकापर्यंत आली, पण 'पुन्हा या' म्हणाली नाही.